नाकासमोरची केळी

परवा सकाळी धुळ्याहून भडगावला गेलो होतो. विमान खोलायला... म्हणजे पंख उतरवून ते ट्रकवर चढवण्याजोगं करायला. पुण्याकडचं एक गिऱ्हाईक तयार झालं होतं आणि मला ते विमान एकदाचं डोळ्यांसमोरून घालवायचं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझ्याकडे दोन सीटचं मायक्रोलाइट आहे... कापडी पंख, एक छोटं इंजिन, दोघांनी ढकललं की हलतं. माझं पंप-मोटारींचं दुकान आहे, त्यामुळे लोकांना वाटतं याला पैसा जास्त झालाय. पैसा नाही हो, डोकं कमी आहे.

या नादाला लावलं प्रकाशनं. तो केळीवाला, भडगावला गिरणा नदीकाठी त्याची शेती. सगळ्या परवानग्या काढून त्यानं स्वतःच्या वावरात मुरमाची धावपट्टी केली, पत्र्याची शेड टाकली. त्याचं विमान आणि माझं, दोन्ही तिथंच असायची. धावपट्टी संपली की बांध, आणि बांधापलीकडे आबांची केळी. आबा म्हणजे त्याचे शेजारचे शेतकरी, वयानं आमच्या वडलांएवढे.

मला शिकवताना प्रकाशचा एकच धोशा असायचा. उडाल्या उडाल्या इंजिन बंद पडलं तर मागं वळायचं नाही... उंची नसते, वेग नसतो, वळलास की संपलास. नाक खाली घे आणि समोर जे असेल त्यात उतर. केळी असली तर केळीत घाल, केळीचा खांब म्हणजे नुसतं पाणी, विमान मोडेल पण तू वाचशील. हे तो इतक्यांदा सांगायचा की मी वैतागायचो.

गेल्या उन्हाळ्यात, एका रविवारी सकाळी, उडाल्या उडाल्या त्याचंच इंजिन बंद पडलं. मी शेडपाशी चहा घेत उभा होतो. आवाज मध्येच तुटला म्हणून वर बघितलं. समोर आबांची बाग होती, घड कापणीला आलेले... आणि प्रकाश वळला.

धावपट्टीपर्यंत तो पोचला नाही. त्यापुढचं माझ्यानं लिहवत नाही.

इंजिन का बंद पडलं ते तपासणीत नीट ठरलंच नाही. तो का वळला हे मात्र मला तिथंच कळलं होतं. आदल्या वर्षी वादळात त्याची स्वतःची बाग आडवी झाली होती, तेव्हा हा माणूस बांधावर बसून ढसाढसा रडला होता. दुसऱ्याच्या भरल्या बागेत विमान घालणं त्याच्या हातून झालंच नसतं.

राग येतो मला त्याचा. अजून येतो. घरी वहिनी, लहान मुलगी... आणि हा शहाणा घड वाचवत होता.

तर परवा शेड उघडली. उभं विमान चालत्या विमानापेक्षा लवकर खराब होतं. कुंभारीण माशीनं नळ्यांमध्ये मातीची घरं केलेली, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या, कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा. पावसाळाभर मी तिकडे फिरकलोच नव्हतो. शेजारच्या रिकाम्या जागेत प्रकाशच्या विमानाच्या ऑइलचे डाग तेवढे होते.

विमान बाहेर काढलं आणि सवयीनं धावपट्टीच्या टोकाकडे बघितलं. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. थेट नदीकाठच्या बाभळी दिसत होत्या... त्या इथून कधीच दिसायच्या नाहीत, केळी आड यायची.

चालत टोकापर्यंत गेलो. दोन्ही बाजूंना केळी तशीच उभी होती. मध्ये मात्र, धावपट्टीच्या बरोबर रेषेत, एक लांब पट्टी मोकळी केलेली. केळी खोदून काढलेली, पुढच्या पिकासाठी मुळाशी ठेवतात ती पिलंसुद्धा ठेवलेली नव्हती. तिथं घोट्याएवढा हरभरा होता.

आबा त्या हरभऱ्यात खुरपत बसले होते. प्रकाश गेल्यापासून आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. दहाव्याला ते लांब, एका झाडाखाली एकटे बसलेले दिसले होते. मीच जवळ गेलो नव्हतो.

परवा मात्र जाऊन विचारलं, "आबा, केळी का काढली?"

त्यांनी खुरप्याची माती बोटानं काढली. मग आपल्या अहिराणीत म्हणाले, "परकास मन्ही केळीपायी गया, भाऊ. बठ्ठा गावले माहीत शे."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. त्यांनी हातानंच थांबवलं.

"आते आठे हरभराच ऱ्हाई. उंच काही लावाव नही. तुमनं इंजिन बंद पडनं तं वळू नका... सरळ मन्हा वावरमा उतरी पडा."

विमान विकतोय, हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. मान हलवली आणि परत फिरलो. शेडपर्यंत येताना डोळ्यांतलं पाणी थांबेना... प्रकाश गेला तेव्हाही मी असा रडलो नव्हतो.

पंख उतरवायला नेलेले पाने तसेच गाडीच्या डिकीत टाकले. त्या गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. पुन्हा उडेन की नाही, खरंच माहीत नाही. रविवारी नळ्यांतली माती काढायला जाणार आहे, एवढंच ठरवलंय.

आबा, तुम्ही माझ्यासाठी केवढी जागा केलीत ते मी विसरणार नाही. पण आपल्या दोघांनाही माहीत आहे... तो हरभरा तुम्ही प्रकाशसाठी पेरलाय. एक हंगाम उशिरा.