चक्कीवरचा आळ

मी चौथी शिकले. माझा मुलगा इंजिनियर आहे. तो एका खोलीत बसून विजेच्या मोठ्या तारांवर लक्ष ठेवतो. एखादी तार भरत आली की अलीकडच्या वीजकेंद्राला फोन करून कमी करायला सांगतो, पलीकडच्याला वाढवायला. मी विचारलं, "वीज कमी पडते काय?"

"वीज आहे, आई. रस्ता जाम होतो. संत्र्याच्या दिवसांत कळमन्याच्या बाजाराच्या फाटकावर ट्रक अडकतात, तसं."

म्हणजे हवालदार. एवढं सांगायला त्याला अर्धा तास लागला.

प्रताप नगरच्या आमच्या गल्लीत माझी चक्की आहे. तिच्यावरच हा हवालदार शिकला. मे महिन्यात रोज दुपारी गल्लीला वीज देणाऱ्या डीपीचा फ्यूज उडू लागला, तेव्हा समोरची बाई दारात आली.

"मावशी, तुयी चक्कीच सारी वीज खाऊन राहिली. पाऊस पडेपर्यंत बंद ठेव. नाही तर गल्लीच्या सह्या तयार आहेत."

"काहून वं, तुये तीन कूलर उपास करतात काय?"

बोलले खरी, पण सह्या खऱ्याच निघाल्या तर धंदा बुडणार. उन्हाळा म्हणजे वर्षाच्या तिखट-हळदीचे दिवस. गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. दोष कोणाचा ते पाहायला मी दोन दिवस मागून घेतले.

पहिल्या दुपारी चक्की बंद ठेवली. फ्यूज उडालाच. समोरची म्हणाली, "कालची गरमी राहिली असंल."

लाइनमनने फ्यूज बसवला, तो पुन्हा उडाला. आमच्या गल्लीत वीज गेली की कोणी बटण बंद करत नाही. पंखा फिरला की वीज आली, असं कळतं. त्यामुळे ती आली की सगळे कूलर, मोटारी, फ्रिज एकदमच तिच्यावर तुटून पडतात.

दुसऱ्या दुपारी फ्यूज उडाल्यावर मी लाइनमनला म्हटलं, "थांब गा. पहिले साऱ्याइले बंद करू दे." घरोघरी फिरून बटणं बंद करवली. फ्यूज बसल्यावर ओट्यावर उभी राहिले आणि डबा वाजवत एकेक घर चालू करवलं. आधी बाळंतिणीचं, मग म्हाताऱ्यांचं. समोरचीचं नववं. नववंच काहून, ते ती अजून विचारते. शेवटी चक्की लावली. सगळं टिकलं. मी समोरचीकडे पाहिलं.

आणि फ्यूज उडाला.

लाइनमनने नवा फ्यूज घातला आणि वीज मोजायचं चिमट्यासारखं यंत्र एकेका घराच्या तारेला लावत थेट माझ्या दारात आला. "आजी, चक्की ठीक आहे. वरच्या खोलीत काय आहे?"

वर माझा मुलगा रात्रपाळी करून झोपला होता. साऱ्या गल्लीची बटणं मी पाहिली, आपल्याच घराचा जिना चढले नाही. जाऊन पाहते तर एकाच खोलीत दोन एसी. दुसरा कधी आणला, मला पत्ता नाही. मी त्याला हलवलं.

डोळे न उघडता तो म्हणाला, "हो. किती कमी करायला सांगू?"

"बंद कर."

"एकदम नाही होत. पंधरा मिनिटं द्या."

मी दोन्ही प्लग उपटले. खाली लाइनमन हसत होता. मुलाची ती ट्रकांची गोष्ट मी साऱ्या गल्लीला सांगून झाली होती. समोरची म्हणाली, "घरचाच ट्रक आडवा होता म्हणायचा." सह्यांचा कागद तिने माझ्याकडे दळायला आणलेल्या मिरच्यांखाली अंथरला.

आता दुपारी मुलगा खाली कूलरसमोर झोपतो. चक्की त्याच्या उशापासून दहा हातांवर आहे. झोप लागते का, मी विचारलेलं नाही.