कच्च्या कुलपांची यादी

इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात बावीस वर्षं काढलेल्या या गृहस्थांना सगळे कुलूपकाका म्हणत. पासवर्ड हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. चहाला बसले तरी तेच, कुणाला भेटायला गेले तरी तेच. घरी टीव्ही लावायचा तर बायकोला सोळा अक्षरं टाइप करावी लागत. तिने कंटाळून टीव्हीचा नाद सोडला आणि विणकाम धरलं.

काकांनी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला होता. दर शनिवारी दुपारी तो कर्मचाऱ्यांचे पासवर्ड ओळखून काढायचा. ज्यांचे ओळखले जात त्यांची नावं सोमवारी सूचनाफलकावर झळकत, वर मथळा ‘कच्ची कुलपं’. लोक हसत, दोन दिवस शहाण्यासारखे वागत, पुन्हा जैसे थे. नोंदणीच्या खिडकीवरच्या ताई तर त्या यादीत मुक्कामालाच. त्यांचा पासवर्ड म्हणजे मुलीचं नाव आणि जन्मसाल. काकांनी कान उपटले की म्हणत, तेवढंच एक माझ्या डोक्यात राहतं.

एके दिवशी इथल्याच एका नर्सचा तपासणी-अहवाल कुणीतरी उघडून पाहिला आणि दुपारपर्यंत तिच्या आजाराची कुजबुज मजल्यामजल्यावर पोचली. तिने तक्रार केली. कॉम्प्युटरच्या नोंदीत नाव निघालं ताईंचं. त्यांना घरी बसवलं आणि अधीक्षकांनी तपास सोपवला काकांवर.

काकांना पाच मिनिटांत उलगडा झाला. ओळखलेले पासवर्ड त्यांचा प्रोग्रॅम नावांपुढे लिहून ठेवायचा. आपला प्रिंटर बिघडला तेव्हा दुसऱ्या खोलीतून यादी छापता यावी म्हणून त्यांनी ती अख्खी फाइल सगळ्यांना दिसणाऱ्या फोल्डरमध्ये टाकली होती. त्याला तीन महिने झाले. नर्सचा अहवाल पाहिला गेला त्या दिवशी सकाळी ती कुणीतरी उघडली होती. कुठल्या कॉम्प्युटरवरून, हेही थोडं खणलं असतं तर कळलं असतं.

त्यांनी खणलं नाही. स्पष्टच सांगायचं तर त्यांची तंतरली. नोकरीपेक्षा अब्रूची भीती जास्त. त्यांनी फाइल पुसली, तिची राखीव प्रत पुसली, ती कुणी उघडली त्याची नोंदही पुसली. पुसायचं तर मुळासकट, हेही तेच सगळ्यांना शिकवत.

चार दिवस त्यांना घास गोड लागला नाही. बायकोने विचारलं तर म्हणाले, पित्त झालंय.

चौकशीच्या खोलीत ताई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. मी काही उघडलं नाही, एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मग काकांकडे बघून म्हणाल्या, “यांनी कितीदा बजावलं होतं. मीच ऐकलं नाही.”

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठले आणि यादी, फोल्डर, पुसापुशी, सगळं ओकून मोकळे झाले.

अधीक्षकांनी विचारलं, याचा काही पुरावा? पुरावा कुठून येणार? काकांनी कामात कसूर कधी केलीच नव्हती. अधीक्षक किंचित हसले. “काका, तुमचं मन मोठं आहे. पण दुसऱ्याचं असं अंगावर घेऊ नका.” कुलूपकाकांनी पासवर्ड उघड्यावर टाकले, हे कुणाच्या गळी उतरेना. त्यांच्या शब्दाखातर ताईंची नोकरी वाचली, पण खिडकी गेली. त्यांना तळघरात जुन्या कागदांच्या खोलीत पाठवलं. ती नर्स अजूनही ताई जिन्यात दिसल्या की तोंड फिरवते.

निर्णय झाला त्या संध्याकाळी ताई फाटकाशी थांबल्या होत्या.

“माझ्यासाठी एवढं खोटं कशाला बोललात, काका?”

“खोटं नव्हतं ते, ताई.”

“बरं, नव्हतं,” त्या समजूत काढल्यासारख्या म्हणाल्या. मग पर्समधून वही-पेन काढून त्यांनी काकांपुढे धरलं. “तळघरातल्या कॉम्प्युटरला नवा पासवर्ड लागणार आहे. तुम्हीच लिहून द्या. माझा दुसऱ्या कुणावर भरवसा नाही.”

काकांनी पेन घेतलं. बराच वेळ त्यांना एक अक्षर सुचलं नाही.