लाल रंगाची चौकट

बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडायच्या कामावर, मुकादमानं एका बाईच्या पोटात लाथ घातली. उन्हानं चक्कर आली म्हणून ती हातोडा टाकून बसली होती, एवढंच. तिनं रक्त ओकलं आणि दिवस मावळायच्या आत गेली. तिचा मुलगा शेजारीच पाटी भरत होता. पुढं तो उस्मानाबादेत माझा भागीदार झाला.

आमचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पाट्या, निवडणुकीची पोस्टरं. त्यातून उसंत मिळाली की तो स्वतःचं पुस्तक छापायचा. अक्षरं थोडी, चित्रंच जास्त. मधल्या पानावर आई आणि तिच्या पोटात रुतलेला बूट. मुकादमाचा चेहरा हुबेहूब. आईचा फोटो कुठंच नव्हता. "आता हितंच ऱ्हाईल ती," म्हणायचा. प्रत्येक रंगाची वेगळी चौकट, तिच्यावर ताणलेल्या रेशमी कापडातच चित्राचा साचा. लाल रंग शेवटी. तो रंग कापडावरनं मी ओढायचो. पानं तो दाभणानं शिवायचा.

तोच मुकादम साखर कारखान्याच्या संचालकपदाला उभा राहिला. पोस्टरं आमच्याकडंच आली. नाही म्हणायची सोय नव्हती. पुस्तकातल्या चित्रांचा रंग नीट बसतो का हे बघायला आम्ही बिघडलेल्या पोस्टरांच्या पाठी वापरायचो. तसले काही कागद त्याच्या पोस्टरांच्या गठ्ठ्यात गेले. गठ्ठा मी बांधला होता. बेंबळी गावात खळ लावायला त्याच्या माणसांनी कागद पालथा केला, तर पुढं हात जोडलेला उमेदवार आणि मागं त्याचीच लाथ.

भर दुपारी ते आले. शटर ओढलं.

"कुणाची रं ही कलाकारी?"

"माझी," तो म्हणाला.

दांडक्यानं त्याचं तोंड फोडलं. मग उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि मनगटावर घाव घातले. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. पानं गोळा करून मागच्या अंगणात रॉकेल ओतून पेटवली. तो रक्त थुंकून हसला.

"जाळा की. उद्या दुसरी छापतू."

निघालेला एकजण वळला. "कशावरनं छापतूस?"

उत्तर द्यायच्या आत त्याची शुद्ध गेली. त्या माणसानं माझ्याकडं नुसतं बघितलं.

मी फळीवरच्या चौकटींकडं बोट केलं. "त्या फाडल्या की संपलं," हेही मीच बोललो. कुणी विचारलं नव्हतं.

"लई शहाणा हाय ह्यो," म्हणत त्यानं ब्लेड माझ्याच हातात दिलं. लाल रंगाची चौकट मी फाडली. ताणलेलं कापड, टर्रकन गेलं. मग बाकीच्याही.

त्याचा हात वाचावा म्हणून सांगितलं, असं मी आजवर बायकोला सांगत आलो. हात तर आधीच मोडला होता. मला कुणी बोटही लावलं नव्हतं.

तो हात पुन्हा चित्राला वळला नाही. दवाखान्यात प्लास्टर सांभाळत त्यानं मला विचारलं, "तुला लई मारलं का रं?"

"व्हय," मी म्हणालो.

त्यानं डाव्या हातानं स्वतःचा चहा माझ्याकडं सरकवला. मी तो प्यालो.