कोरसपुरता शिक्का

“फक्त कोरस. बाकीचं गाणं नको. शुक्रवारपर्यंत सर्टिफाइड पाहिजे.” क्लेअरचा ईमेल एवढाच होता. क्लेअर म्हणजे बर्मिंगहॅममधल्या आमच्या ट्रान्सलेशन एजन्सीची मालकीण. ती मोजकं लिहिते, आणि मला ते आवडतं.

मी जर्मनमधून इंग्लिशमध्ये भाषांतर करते. माझ्या कॉलेजच्या काळात पुण्यात दर दोन घरांमागे एक जण जर्मनच्या परीक्षा द्यायचा. बहुतेकांनी पुढे ते सोडून दिलं, मी मात्र त्याच्यावरच पोट भरते. कामं साधी असतात. मशीनची मॅन्युअल्स, जन्मदाखले, क्वचित एखादं मृत्युपत्र. सर्टिफाइड म्हणजे शेवटी मी सही-शिक्का करून लिहून देते, की दिलेल्या मजकुराचं हे भाषांतर अचूक आहे.

गाणं एका जर्मन इंडस्ट्रियल मेटल बँडचं होतं. हा प्रकार माहीत नसेल, तर कारखान्यातल्या प्रेसच्या ठोक्यावर कुणीतरी कवायतीच्या ऑर्डरी सोडतंय असं समजा. कोरस चार ओळींचा. रांगेत या, घर झाडून काढा, आपलं नाही ते बाहेर फेका, वगैरे. मी भाषांतर केलं, शिक्का मारला, पाठवलं. अर्ध्या तासाचं काम.

कशासाठी हवंय, ते क्लेअरने नंतर फोनवर सांगितलं. कॉव्हेंट्रीतल्या एका इंजिनिअरिंग फर्ममध्ये ॲलन नावाचा फिटर आहे. तीस वर्षं तिथेच. लंचमध्ये तो वर्कशॉपच्या स्पीकरवर हे गाणं लावायचा. मारेक नावाच्या पोलिश सहकाऱ्याने तक्रार केली, की हे नाझी गाणं आहे. सोमवारी फर्मने त्याच्या चौकशीची हिअरिंग ठेवली होती, त्यासाठीच हा कागद. ग्रॉस मिसकंडक्ट, म्हणजे गंभीर गैरवर्तन, ठरलं की माणूस त्याच दिवशी घरी, नोटीसही मिळत नाही.

त्या संध्याकाळी पोळ्या लाटताना मी तो कोरस पुटपुटत होते. ठेका डोक्यातून जात नव्हता. माझी मुलगी ईशा हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे. तिचा जन्म इथलाच, त्यामुळे तिच्या मराठीत बहुतेक नामं पुल्लिंगी असतात.

“आई, तुला हा गाणं कसा माहीत?”

“ऑफिसचं काम आहे. विचारू नकोस.”

“पण तो त्या ऑर्डरवाल्या लोकांची मस्करी करतो, यू नो ना? लास्ट व्हर्स ऐकला?”

“मला कोरसच दिला होता.”

“फक्त कोरस? आई, दॅट्स द व्हिलन टॉकिंग!”

मी तिथेच तिच्या फोनवर पूर्ण गाणं ऐकलं. तव्यावरची पोळी करपली. पहिल्या कडव्यात एक माणूस मोठ्या अभिमानाने रांगेत उभा राहतो. दुसऱ्यात त्याची रांग शेजाऱ्याला, डॉक्टरला, बेकरीवाल्याला बाहेर काढते. शेवटी काढायला कुणी उरत नाही, तेव्हा हुकूम देणारा याच्याकडे वळतो. हा बंद दाराबाहेर उभा राहून तोच कोरस ओरडत राहतो. तिथे गाणं संपतं.

मला आधी त्या फर्मचा राग आला, मग स्वतःचा. बाकीचं गाणं कुठे आहे, एवढं विचारायला मला काय धाड भरली होती?

सकाळी क्लेअरला फोन केला. ईशासमोर पुटपुटले तेही सांगितलं, कारण क्लायंटचं काम घरी उघड करणं नियमात बसत नाही. त्याबद्दल बोलणी खाल्ली. मग मुद्द्यावर आले.

“क्लायंटने एक्स्ट्रॅक्ट मागितला, आपण दिला,” ती म्हणाली. “इट्स ॲक्युरेट. जॉब क्लोज्ड.”

“ॲक्युरेट आहे, म्हणूनच भीती वाटतेय.”

“संध्या, आपण ट्रान्सलेटर आहोत. त्याची युनियन नाही.”

“मी माझं सर्टिफिकेट परत घेतेय. पूर्ण गाण्याचं देईन, नाहीतर माझी सही वापरायची नाही.”

“तू हे सोडणार नाहीस ना?”

“नाही.”

“फाइन. पण ईमेल तू लिहायचा.”

मी लिहिला, आणि सोबत पूर्ण भाषांतर जोडलं. फर्मच्या एचआर मॅनेजर हेलनचं उत्तर आलं, हिअरिंग घेणाऱ्या पॅनेलकडे पुरेसं मटेरियल आहे. मी पुन्हा लिहिलं, की तुमच्याकडचं पान मी मागे घेतलंय आणि त्यावर निर्णय घेतलात तर मी तसं ॲलनच्या युनियनला लेखी कळवेन. तासाभराने सोमवारच्या व्हिडिओ कॉलचं आमंत्रण आलं. दहा मिनिटं.

स्क्रीनवर हेलन होती. इस्त्रीच्या शर्टातला ॲलन होता, त्याच्या शेजारी युनियनचा माणूस, आणि साक्षीसाठी आलेला मारेक. मी अख्खं गाणं इंग्लिशमध्ये वाचलं. चाल नाही, अभिनय नाही.

“ॲलन, तुला हा अर्थ माहीत होता?” हेलनने विचारलं.

“मला जर्मनचा एक शब्दही येत नाही. मला ड्रम्स आवडतात.”

युनियनवाल्याने डोळे मिटून घेतले.

मारेक हळू आवाजात म्हणाला, “माझ्या आजोबांना असंच ओरडून घराबाहेर काढलं होतं. मला बाकीचं काही कळलं नाही. फक्त ते ओरडणं कळलं.”

ॲलनचा चेहरा उतरला. “सांगायचंस ना, मेट. बंद केलं असतं मी.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कॅमेरा चालू होता, पण त्याला इलाज नव्हता.

ॲलनची नोकरी राहिली. वर्कशॉपमधला स्पीकर गेला, आता तो हेडफोन लावतो. हेलनने कळवलं, की भाषांतराची कॉपी ॲलन आणि मारेक दोघांनीही मागून घेतली. आमच्या एजन्सीच्या फॉर्मवर आता पहिलाच प्रश्न असतो, ‘मजकूर पूर्ण आहे का?’ क्लेअर सगळ्यांना सांगते की ती तिची आयडिया आहे. सांगू दे.

ते पहिलं पान मी नंतर पुन्हा काढून तपासलं. त्यात एकही चूक नव्हती. त्या पानावर ॲलनची तीस वर्षांची नोकरी गेली असती, आणि खाली सही माझी असती.