यजमानाला पात्रता लागत नाही

फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू झाला, की नाना टीव्ही बंद करायचे. आधीची दोन-अडीच वर्षं हा माणूस कुठल्या कुठल्या बेटांचे सामने मोबाइलवर हुडकून बघायचा, जुन्या डायरीत गुणांचे तक्ते आखायचा, आणि खरी स्पर्धा तोंडावर आली की डायरी मिटून म्हशीला वैरण टाकायला उठायचा. मी पहिल्यांदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "बसलेली पंगत काय बघायची, पोरी? पंगतीत जागा कुनाला कशी मिळाली, त्यात खरी गंमत हाय."

मी परभणीहून चाकणला नोकरीला आले, तेव्हा जवळच्या निघोजे गावात नानांच्या खोलीत भाड्याने राहिले. नानांची जमीन कंपनीत गेली होती. त्या बदल्यात कंपनीने त्यांना स्टोअरमध्ये कायमची नोकरी दिली, आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्यांची ओळ बांधली. मी त्याच कंपनीत क्वालिटीला. त्यामुळे सकाळी एकच बस, आणि चाळीस मिनिटं नानांचं तोंड माझ्या कानाशी. सुरुवातीला मी झोपेचं सोंग घ्यायचे. नाना सोंगालाही माहिती सांगत बसायचे.

हे वेड त्यांना लावलं रणजितने. रणजित कोल्हापूरचा, ओळीतल्या शेवटच्या खोलीत बायकोबरोबर राहायचा आणि आमच्याच कंपनीत लाइनवर कंत्राटी होता. एका गुरुवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, तो ओट्यावर बसून मोबाइलवर सामना बघत होता. नाना सहज डोकावले. कुठल्याशा चिमुकल्या देशाने पात्रता फेरीत सात गोल खाल्ले होते, तरी सामना संपल्यावर त्यांचे खेळाडू आपल्या मूठभर प्रेक्षकांसमोर जाऊन टाळ्या वाजवत होते. नाना विरघळले. "सात खाल्ले तरी तोंड लपवंना, ही खरी माणसं," असं म्हणून त्यांनी त्या देशाचं नाव लिहून घेतलं. ते त्यांनी चुकीचं लिहिलं होतं, आणि शेवटपर्यंत चुकीचंच उच्चारलं.

पुढे बसमध्ये ते सगळ्यांना पात्रता फेरी समजावून सांगायचे. "जगाचे सहा तालुके केल्यात. दर तालुक्याला जागा ठरल्याल्या. आपल्या आशियात लई खालचे संघ आधी आपसात भिडत्यात. एकदा आपल्या दारात, एकदा त्यांच्या दारात. सोयरीक जमवताना जात्यात न्हवं, तसं. मंग गट पडत्यात. गटात वर असंल तो फुडं. अन् थोडक्यात हुकलेल्यांना प्ले-ऑफ. म्हंजी येटिंग लिस्ट, कळलं?" भारत कुठे असतो, असं कुणी मुद्दाम विचारलं, की म्हणायचे, "आपला अजून चपला काढतोय."

एकदा मी खोडी काढली. म्हटलं, "आणि नाना, ज्या देशात स्पर्धा असते त्याचं काय?"

"यजमानाला पात्रता लागत न्हाई. ज्याच्या मांडवात लगीन, त्याला कसली पत्रिका?" नाना हसले, आणि मग खिडकीबाहेर बघत राहिले. बस गेटाशी आली होती. कंत्राटी कामगारांची रांग वेगळी असायची. त्यांच्या अंगात ठेकेदाराचा करडा शर्ट. आम्हा कायमवाल्यांचा निळा, खिशावर कंपनीचं नाव. त्या करड्या रांगेत रणजित उभा होता. नाना हळूच म्हणाले, "मी तसाच आत आलो, पोरी. यजमान म्हनून. मला कुनी एक बोल्ट आवळून दाखव म्हनलं न्हाई. अन् ह्यो सा वर्सं झाली आवळतोय."

कंपनीची फुटबॉल स्पर्धा दरवर्षी व्हायची. आठ विभागांचे आठ संघ, सगळे कायमवाले, अंगात कंपनीच्या नावाची निळी जर्सी. कंत्राटी पोरं कुंपणाला टेकून बघायची, आणि त्यांतला रणजित या सगळ्यांपेक्षा चांगला खेळायचा हे कुंपणालाही माहीत होतं. त्या वर्षी नाना एचआरच्या साहेबांकडे जाऊन बसले. एकदा नाही, सहा-सात वेळा. "त्यांना फुकट जागा देऊ नका साहेब. पात्रता फेरी ठेवा. मैदानावर हरवा, कागदावर नका हरवू." साहेब कंटाळून हो म्हणाले. गेल्या वर्षी तळाला राहिलेला मेंटेनन्सचा संघ आणि कंत्राटी संघ यांच्यात दोन सामने. जिंकेल तो आठवा. पहिला निघोज्यात, कारण बहुतेक कंत्राटी पोरं तिथल्याच खोल्यांत राहायची, आणि दुसरा चिखलीत, मेंटेनन्सवाल्यांच्या वस्तीजवळ.

नियम नानांनी सांगितले, मी टाइप केले. दोन सामने मिळून गोल सारखे झाले, तर ज्याने पाहुणा म्हणून जास्त गोल मारले तो संघ पुढे, असा एक नियम होता. मी म्हटलं, "नाना, हा आता बऱ्याच ठिकाणी काढून टाकलाय. सरळ पेनल्टी घ्या."

"काढू दे. पाव्हण्याचा मान कुटं काढत्यात का? आपल्या दारात यिऊन गोल मारला तर त्याचं वजन जास्तच धराया पायजे." निघोज्यात पाहुण्याच्या ताटात आधी वाढतात, म्हणून नानांनी फुटबॉलमध्येही आधी त्याच्याच ताटात वाढलं. मी मुकाट्याने टाइप केलं. कंत्राटी संघाच्या वतीने रणजितने सही केली.

पहिला सामना आमची कंत्राटी पोरं दोन-एकने जिंकली. दोन्ही गोल रणजितचे. मेंटेनन्सने एक मारला, तेव्हा टाळ्या वाजवणारा गावात एकच माणूस होता, तो म्हणजे नाना. नानांच्या घरी काकूंनी केलेलं सरबतही आधी पाहुण्यांनाच गेलं. पुढच्या गुरुवारी चिखलीत मात्र चेंडू आमच्याच एका पोराच्या पायाला लागून आत गेला आणि सामना एक-शून्यने गेला. दोन्ही मिळून दोन-दोन. सगळ्यांनी धरलंच होतं की आता पेनल्टी. रणजितने चेंडू ठेवलासुद्धा.

आणि नानांनी खिशातून कागद काढला. पाहुणा म्हणून मेंटेनन्सचा एक गोल, आमचा शून्य. मेंटेनन्स पुढे.

मग एकच गलका झाला. मेंटेनन्सचा कप्तान भला माणूस, तोच म्हणाला, "नाना, राहू द्या राव. पेनल्टी घेऊ. असं जिंकून आम्हाला काय तोंड दाखवायचं?" साहेबांनीही हात झटकले, "माझी काही हरकत नाही. नियम तुम्हीच केलाय, तुम्हीच बदला."

"सामना सुरू झाल्यावर नियम बदलत न्हाई साहेब."

रणजित पुढे आला. मी त्याला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "नाना, तुमी आमचं का त्येंचं?"

"तुमचाच हाय. म्हनूनच," नाना म्हणाले. "आज तुमच्यासाटी वाकवला, तर उद्या ह्येच म्हंतील, कंत्राटी पोरांना दया म्हनून घेतलं. चूक माजी हाय, पन नियम ठरल्याला हाय." एवढं बोलून ते चिखलीच्या चौकापर्यंत एकटेच चालत गेले. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांच्या पाठीकडे बघून रडूही येत होतं.

पुढचे पंधरा दिवस खोल्यांच्या ओळीत त्यांच्याशी कुणी बोललं नाही. नाना सकाळी पाण्याची मोटर चालू करायचे, "पानी आलंय रं," असं ओरडायचे, आणि एकही दार उघडायचं नाही. मार्चमध्ये ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदाराने जुनी माणसं घेतली नाहीत. रणजित बायकोला घेऊन कोल्हापूरला परतला, तिथल्या एका फाउंड्रीत लागला. जाताना तो नानांच्या पाया पडला, पण बोलला नाही.

दुसऱ्या वर्षी नानांनी तो नियम काढला. फेरी सुरू व्हायच्या महिनाभर आधी, साहेबांच्या सहीने. कंत्राटी पोरं पात्र ठरली. निळ्या जर्सी वाटल्या, तेव्हा साहेबांनी एक नानांच्या हातात ठेवली. नाना तेव्हा निवृत्त झाले होते. घरी येऊन मला म्हणाले, "कोल्हापूरला जायाचंय. तू चल. त्येनं दार लावून घेतलं, तर मला धराया कुनीतरी पायजे."

रणजितने दार लावलं नाही. जेवू घातलं, तांबड्या रश्श्याने नानांच्या डोळ्यांत पाणी आणलं, आणि त्यांना तिखट झेपत नाही म्हणून मनसोक्त हसला. जेवणानंतर नानांनी पिशवीतून जर्सी काढून त्याच्यापुढे ठेवली. रणजितने ती उलगडली. कंपनीच्या नावावरून अंगठा फिरवला. मग घडीवर घडी घालून नानांच्या मांडीवर परत ठेवली.

"न्हाई नाना. मी क्वालिफाय झालो न्हाई."

"आरं, माज्या येडेपनामुळं हुकलं त्ये."

"कागद वाचूनच सही केलीती मी. तुमच्यावर चिडलो, ती चूक माझी. पन खेळून हुकलोय, ते तसंच ऱ्हाऊ दे. असं दिल्यालं घातलं, तर माझं काय ऱ्हायलं त्यात?"

परतीच्या एसटीत नानांनी साताऱ्यापर्यंत जर्सीची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. मग म्हणाले, "पोरगं माज्याहून मोटं निघालं. मी बग, जलमभर दिल्यालंच घातलं."

"नाना, तुम्ही जमीन दिली होती."

"जमीन बापानं राखल्याली. म्या काय केलं?"

मी नुसता त्यांचा हात धरून बसले. गेल्या वर्षी नाना गेले. निघोज्यातल्या खोल्यांतली पोरं त्यांना खांदा द्यायला कामावर दांडी मारून आली होती, आणि रणजित रात्रभर प्रवास करून आला होता. त्या गर्दीत मला त्यांच्या 'म्या काय केलं?'चं उत्तर सापडलं. नाना, मांडव तुमचा होता, तरी तुम्ही दार उघडायला उठलात. हे मी त्यांना एसटीतच सांगायला हवं होतं.