अपवादाची खुर्ची

वामनमास्तर गेल्याचा निरोप भाच्यानं इंझोरीला, माझ्या सासरी आणला, तेव्हा मी अंगणात तूर पाखडत होते. डोळ्यांत पाणी आलं नाही. त्याला आता महिना उलटून गेला. मेल्या माणसाचं चांगलंच बोलावं म्हणतात. चांगलं सांगतेच, पण बाकीचंही सांगते.

सन पन्नास-बावन्नच्या सुमाराला, किन्हीराजाकडच्या आमच्या गावात मास्तर सृष्टिज्ञान शिकवायचे. नियम पुस्तकात आहे, तो मोडणारा शोधून आणा, असं त्यांचं सांगणं. कोणी पिलांना दूध पाजणारं वटवाघूळ दाखवायचं, कोणी ना मूळ ना पान अशी बाभळीवरची अमरवेल आणायचं. जो अपवाद आणेल तो तासभर मास्तरांच्या खुर्चीवर बसणार आणि मास्तर खाली आमच्या तरटावर. मी तळ्यातला एक किडा आणला, पाठीवर अंडी चिकटलेला. "हा बाप आहे," मास्तर तरटावरून म्हणाले. "माय याच्या पाठीवर अंडी घालून चालली जाते, हाच सांभाळते. आता सांगा, लेकरं सांभाळनं बाईचंच काम, हे कोनं ठरवलं?" खुर्चीत माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. शिकून मास्तरीण व्हायचं, हे त्याच दिवशी मनात बसलं...

सातवी झाली. पुढची शाळा वाशिमला. तिथं मावशी होती, बाबा तयार होते. पण आमच्याकडे सोयरीक असो की विहीर, मास्तरांना विचारल्याशिवाय काही ठरत नसे. मी दाराआड उभी राहिले. मनातून निर्धास्त होते.

"मास्तर, पोरीले वाशिमले धाडू काय?"

"कायले धाडता, भाऊ? पोरीच्या जातीले सातवी लय झाली. पुढं सैपाक अन् लेकरंच पाहायची हायेत."

मला वाटलं, थट्टा करून राह्यले. आता हसतील. हसले नाहीत. त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं.

दुसऱ्या वर्षी मास्तरांनी माझ्यामागच्या वर्गातली त्यांची लेक कुसुम नागपूरला शिकायला ठेवली. माहेरी आले तेव्हा मी तोंडावर विचारलं, "मंग कुसुमले काहून धाडलं?" चष्मा पुसत म्हणाले, "कुसुमचं येगळं हाये, बाई." म्हणजे अपवाद त्यांना ठाऊक होता, तो त्यांनी घरच्या घरी ठेवून घेतला. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर विसरले असते. मास्तरांवर माझा विश्वास होता, म्हणून जीव अजून जळतो.

तेरवीला गेले. कुसुम आता कॉलेजात शिकवते. शाळेतली ती खुर्ची मास्तरांनी निवृत्त होताना मागून घेतली होती, ती सोप्यात होती. कुसुमनं माझा हात धरला. "बस न, ताई, खुर्चीवर."

"अपवाद आनल्याबिगर तिच्यावर बसाचं नाही," मी म्हटलं, "तुह्या बाबाचाच नियम."

कुसुम हसली. तिला थट्टा वाटली. मी खाली, बायकांच्या सतरंजीवर जाऊन बसले.