स्टेपनीचं लिंबू

कोल्हापूरहून निघताना मी दोन गोष्टी पक्क्या ठरवल्या होत्या. नाशिकला उतरल्यावर आधी मिसळ खायची आणि परत आल्यावर प्रवासाचं नीट वर्णन लिहून काढायचं. मिसळ खाल्ली. वर्णनाचं काय करावं ते मात्र अजून कळत नाही, कारण त्या सबंध प्रवासात मी डोंगर कमी आणि टायर जास्त पाहिले.

निमित्त ताईचं होतं. माझ्या या थोरल्या बहिणीचं वर्षापूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा तिने सप्तशृंगीला बोलून ठेवलं होतं, बरी झाले की ओटी भरायला येईन. हिंडूफिरू लागली, पण गाडीत बसलं की कंबर धरायची. डॉक्टर म्हणाले, "जा खुशाल, फक्त धक्के बसू देऊ नका." म्हणून दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाकडून मोठी परदेशी गाडी घेतली, वापरलेली पण चकचकीत. त्या गाडीतून गडाकडे निघालेली ताई महिन्यापूर्वी दिंडोरीहूनच रडत माघारी आली. आता पुन्हा जायचं होतं. गडाच्या पायऱ्या तिला चढवणार नव्हत्या, म्हणून ओटी वर न्यायला मला बोलावलं होतं.

दाजी मला घ्यायला बसस्थानकावर आले. गाडी बघून मी हरखलेच. आत गुबगुबीत सीट, थंडगार हवा. पहिलाच गतिरोधक आला आणि माझे दात एकमेकांवर आपटले.

"दाजी, ही गाडी आहे का बैलगाडी?"

"मलाच समजंना," ते कसनुसं हसले. "अंबडच्या कारखान्यातला एक इंजिनिअर म्हणला, शॉकअप गेलेत. बदलले. पंपावरचा म्हणला, हवा कमी करा. केली. तुमच्या ताईला वाटतं, तिचीच कंबर कामातून गेली."

वाटेत मिसळ घेतली, सोबत पापड आणि दही. रस्सा जिभेला झोंबत होता आणि मी कढत चहा प्यायले, त्यामुळे तो आणखीच झोंबला. दाजींचा मळा (नाशिककडे शेतातल्या घरालाही मळाच म्हणतात) मखमलाबादच्या बाजूला. दोन्हीकडे शेवंती फुललेली. ताई दारात उभी होती. बसायला सांगितलं तर म्हणाली, "उभीच बरी आहे गं." पूर्वी हीच ताई बसली की उठायचं नाव घेत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं नाशिकच्याच द्वारका चौकातल्या एका टायरच्या दुकानात गेलो. तिथून थेट गडाकडे निघायचा बेत होता. चौकात रिक्षा, ट्रक, हातगाड्या अशा काही गुंतल्या होत्या की कोण कुठे चाललंय हे बहुधा त्यांनाही माहीत नसावं. दुकानदाराने टायरच्या कडेला अंगठा दाबून पाहिला.

"शेठ, हे रन-फ्लॅट टायर. बाजू एकदम कडक असते. हवा गेली तरी गाडी चालत राहते."

"हवा नसतानाही चालतो?" मी विचारलं. "मग हवा भरायचीच कशाला?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "भरावी तर लागतेच ना मॅडम," एवढंच म्हणाला.

म्हणजे धक्क्यांचं मूळ हे होतं. कडक टायर काढून साधे घातले की गाडी मऊ चालेल, असं त्याचं म्हणणं. दाजींचा जीव खालीवर होऊ लागला. "चांगले फॉरेनचे टायर काढून साधे घालायचे? उलटं झालं की हे." ते ताईकडे बघत, टायरकडे बघत, पुन्हा ताईकडे बघत. शेवटी ताईच म्हणाली, "घाला."

चारही टायर बदलले. मग ताईने पिशवीतून लिंबं काढली. नवे टायर घातले की प्रत्येक चाकाखाली लिंबू ठेवून गाडी त्यावरून न्यायची, हे सगळीकडेच करतात. पण दाजींच्या घरात पाचवं लिंबूही लागतं. मळ्यातली फुलं न्यायला टेम्पो होता तेव्हापासूनची त्यांची रीत, की स्टेपनीवर (जादा चाकावर) पण एक लिंबू ठेवायचं. रोज बिनकामाची पडून असते, तिला रुसवा नको.

चार लिंबं चाकांखाली गेली. पाचवं हातात धरून ताईने विचारलं, "स्टेपनी कुठे आहे?"

दाजींनी डिकी उघडली. चटई उचलली. चटईखालचं झाकण उचललं. मग पुढचं बॉनेटही उघडून पाहिलं, ते का, हे मी विचारलं नाही.

"ह्या गाडीला स्टेपनी येतच नाही," दुकानदार म्हणाला. "ते टायर पंक्चर होऊनही पळायचे, म्हणून कंपनीने दिलीच नाही."

"आणि आता पंक्चर झालं तर?"

"आता थांबणार."

दाजींनी घाईघाईने एक जुना टायर उचलून डिकीत टाकला. "शेठ, रिम कुठाय?" दुकानदार म्हणाला. "नुसता टायर काय हातात धरून पळणार?" दाजींनी टायर परत काढला. मग त्यांचं सुरू झालं, जुनेच घालू, नाहीतर आज नको जायला. ताईने लिंबू पर्समध्ये टाकलं आणि दार उघडून गाडीत बसली. "थांबली तर थांबू. माघारी मात्र मी येणार नाही."

दिंडोरी रस्त्याला दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा आहेत, असं म्हणतात. मी रस्त्यावरचे खिळे शोधत होते. टक्‌टक्‌ आवाज आला की दाजी गाडी थांबवून चारही चाकांना लाथ मारून यायचे. एकदा टायरच्या खाचेत अडकलेला खडा सापडला, एकदा माझ्या पायाशी लोळणारी पाण्याची बाटली. मधल्या गोंधळात दिंडोरी कधी मागे पडली ते कळलंच नाही. वणीचा फलक दिसल्यावर मी मागे वळून विचारलं, "ताई, दुखतंय का?"

तिने कंबर चाचपून पाहिली. "नाही वाटतं," म्हणाली. तिचा स्वतःवरच विश्वास बसत नव्हता.

नांदुरीचा घाट चढून गडावर पोचलो. ताईने पहिल्या पायरीवर हळदकुंकू वाहिलं, डोकं टेकलं आणि ओटी माझ्या हातात दिली. मी धापा टाकत वर गेले. देवीसमोर उभी राहिले तर काय मागायचं तेच आठवेना. "ताई आली आहे, खाली आहे," एवढंच सांगून आले. ते ऐकून ताई रडली, पण दिंडोरीला रडली होती तशी नाही.

आणि परतताना, घाट उतरून वणीच्या अलीकडे आलो, तेव्हा गाडी एका बाजूला ओढायला लागली. दाजींनी ती हळूच कडुलिंबाच्या सावलीत घेतली. या खेपेला लाथ मारायची गरज नव्हती. मागचं चाक पार बसलं होतं. पुढेच पंक्चरची टपरी होती, तिथला माणूस आपणहून आला.

"लय भारी गाडी हाय! स्टेपनी काढा."

"नाय," दाजी म्हणाले.

"एवढ्या गाडीला स्टेपनी नाय?" तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. "बरं, जॅक लावतो. मागच्या बाईंना उतरवा."

दाजींनी काचेतून आत पाहिलं आणि त्याचा हातच धरला. ताई झोपली होती. पाठ टेकून, मान कलती, तोंड जरासं उघडं.

"थांब जरा," दाजी कुजबुजले. मग माझ्याकडे वळले. "वर्ष झालं. पलंगावर सुद्धा तासाला कूस बदलते, कण्हते. बसल्या बसल्या झोपलेली मी बघितलीच नाय." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले, लपवलेही नाहीत.

पंक्चरवाला कधी चाकाकडे, कधी आमच्याकडे बघत होता. पंक्चर झालेली माणसं घाई करतात, हा त्याचा आजवरचा अनुभव असणार. आम्ही त्याच्याच टपरीवर बसून चहा प्यायलो, हळू आवाजात बोललो. एक ट्रक मोठ्याने हॉर्न वाजवत गेला तेव्हा दाजींनी त्याला अशी शिवी दिली की मी ती इथे लिहू शकत नाही.

ऊन उतरल्यावर ताई जागी झाली. "आलं का घर?"

"नाही गं, पंक्चर."

"मग उठवलं का नाही?" ती सावकाश उतरली, हात वर ताणून आळस दिला. पंक्चरवाल्याने खिळा उपसला, छिद्रात रबरी दोरा ठासला, हवा भरली. ताईने पर्समधून पाचवं लिंबू काढून त्या चाकाखाली ठेवलं. "घ्या आता गाडी पुढे."

कोणता टायर चांगला, हे मला अजूनही सांगता येणार नाही. दाजी तेच सगळ्यांना विचारतात आणि प्रत्येक जण वेगळं सांगतो.

मला सोडायला ताई बसस्थानकापर्यंत आली. "बसला स्टेपनी आहे का बघून घे गं," म्हणाली. थट्टा होती ती, पण मी खरंच कंडक्टरला विचारलं.

"आहे की. का हो बाई?"

बस हलली तेव्हा मागे वळून पाहिलं. गाडी अजून तिथेच उभी होती. दाजी बाहेर येऊन चाकं तपासत होते आणि ताई आत मांडी घालून निवांत बसली होती.